खटक्याचा आवाज

सूतभर हे काही त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हतं. सूत हे कारागिरांचं जुनं माप, इंचाचा आठवा भाग. आणि या गृहस्थाला जगातली प्रत्येक गोष्ट नेमकी तेवढीच चुकलेली दिसायची. भिंतीवरची चौकट सूतभर कललेली, दाराची बिजागरी सूतभर वर बसलेली, समोरच्या शिंप्याचा खांदा सूतभर खाली. चाळीस वर्षं त्याने वर्कशॉपमध्ये लेथ चालवला, आणि तिथे मात्र केसाच्या जाडीएवढी चूकही खपवून घेतली नाही. वर्कशॉपने त्याला दोन गोष्टी दिल्या, हे टोपणनाव आणि बहिरेपण. पहिली तो मिरवायचा. दुसरी त्याला मान्यच नव्हती. "मला चांगलं ऐकू येतं," तो म्हणायचा, "हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात."

बायकोने यावर कधी वाद घातला नाही. ती त्याच्याशी बोलताना समोर येऊन उभी राहायची, चेहरा उजेडाकडे ठेवायची आणि एकेक शब्द नीट सुटा करून बोलायची, जणू तिची बोलायची पद्धतच तशी होती. नवऱ्याचं बहिरेपण इतक्या वर्षांत तिने शब्दानेही दाखवून दिलं नाही. असं झाकून नेणं हेही प्रेमच असतं, पण ते करणाऱ्याला तसं म्हटलेलं आवडत नाही.

ती फोटोग्राफर. एकतीस वर्षं एकाच शाळेत, नव्याने दाखल झालेल्या मुलांचे पहिल्या आठवड्यात फोटो काढणारी. मुलं तिला फोटोमावशी म्हणायची. आता जे बाप होऊन मुलांना शाळेत सोडायला यायचे, त्यांचेही रडवेले पाच वर्षांचे चेहरे तिच्याच फाइलमध्ये होते, आणि तेही तिला फोटोमावशीच म्हणायचे.

तिची एक पद्धत होती. कॅमेरा रोखून ती मुलाला कधीच "हस" म्हणत नसे. आधी मुलाच्या उंचीला बसायची आणि कॅमेरा सरळ त्याच्या हातात द्यायची. "आधी तू मला बघ. मी नीट दिसते का सांग." मूल त्या छोट्या खिडकीला डोळा लावायचं, मावशीला बघायचं, कुणी म्हणायचं "नाक मोठं दिसतंय", कुणी नुसतंच खुदकन हसायचं. मग ती म्हणायची, "आता माझी पाळी." आणि तोवर भीती कुठल्या कुठे पळालेली असायची. तिचे फोटो इतरांसारखे का नसत याचं एवढंच गुपित होतं. प्रत्येक मुलामागे कॅमेरा एकदा तिच्या हातातून जायचा आणि एकदा परत यायचा.

आणि गेल्या दोन वर्षांपासून तिचा उजवा हात थरथरत होता.

डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जिवाला धोका नाही, पूर्ण जाणार नाही. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "काही नाही, जीवनसत्त्वं कमी आहेत." तिचा हिशोब सरळ होता. कप बशीवर खडखडला तरी याला कुठे ऐकू जाणार? पण सूतभरला कान नसले तरी डोळे होते. चाळीस वर्षं फिरत्या लोखंडाची थरथर नुसती बघून ओळखणारा माणूस तो. चहावर उठणाऱ्या बारीक लाटा त्याला पहिल्याच दिवशी दिसल्या. दुसऱ्या दिवसापासून तिचा कप तो अर्धाच भरायला लागला. "साखर महाग झालीय का?" ती म्हणाली. "जास्त चहा पित्ताला वाईट," तो म्हणाला. कधी नव्हे ते त्याला पित्ताचं ज्ञान झालं होतं.

असं दोघांचं छान चाललं होतं. ती त्याचे कान झाकायची, तो तिचा हात झाकायचा.

मग एक दिवस टॉवेल शोधताना त्याला कपाटाच्या खालच्या खणात एक पाकीट सापडलं. आत मागच्या वर्षीचे शाळेचे फोटो, परत आलेले. अकरा मुलं, अकराही हललेली. एका मुलीला चार डोळे होते. बरोबर मुख्याध्यापिकेची चिठ्ठी होती. मुख्याध्यापिका म्हणजे फोटोमावशीने फोटो काढलेल्या सगळ्यात पहिल्या तुकडीतली मुलगी. तिने फार जपून लिहिलं होतं: मावशी, पालक तक्रार करत आहेत. या वर्षी तुम्हीच या. पण पुन्हा असं झालं, तर पुढच्या वर्षी मला दुसरं कुणी बघावं लागेल. मला माफ करा.

सूतभरने खणासमोर उकिडवं बसून चिठ्ठी दोनदा वाचली. शाळेचं काम गेलं तर जेवणाचे वांधे होणार नव्हते, त्याचं पेन्शन होतं. पण हे काम तिच्याकडून असं काढून घेतलं गेलं, तर ती कॅमेरा त्याच खणात टॉवेलखाली ठेवेल आणि पुन्हा हात लावणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. पाकीट होतं तसं ठेवून तो गुडघे धरत उठला.

चार दिवसांनी तो एक मोनोपॉड घेऊन घरी आला. मोनोपॉड म्हणजे एका पायाची काठी. वर कॅमेरा बसतो, सगळं वजन जमिनीवर जातं आणि हात हलला तरी कॅमेरा फारसा हलत नाही.

"हे काय?" ती म्हणाली.

"काठी आहे."

"ते दिसतंय. तुमच्या गुडघ्यांसाठी?"

"तुझ्या कॅमेऱ्यासाठी. सगळे मोठे फोटोग्राफर वापरतात. मॅच बघताना दिसतात ना, सगळे काठ्या घेऊन बसलेले."

तिने त्याच्याकडे नीट रोखून पाहिलं. माहीत आहे का याला? तो मोनोपॉडचं रबरी बूड नखाने खरवडत बसला होता, अगदी निरागस. "अहो, फोटोआधी प्रत्येक मूल कॅमेरा हातात घेतं," ती शेवटी म्हणाली. "यावर तो स्क्रूने बसवायचा, स्क्रूने काढायचा. त्रेचाळीस मुलं आहेत या वर्षी. रात्र होईल मला."

नवरा याचीच तर वाट बघत होता. "त्याला उपाय आहे," तो म्हणाला.

उपाय बाजारात तयार मिळतो. एक पट्टी कॅमेऱ्याच्या बुडाला कायमची बसवायची आणि एक पकड मोनोपॉडच्या डोक्यावर. पट्टी पकडीच्या खाचेत सरकवली, खटका दाबला की कॅमेरा घट्ट. खटका उघडला की कॅमेरा हातात. दोन सेकंदांचं काम. दुकानदाराने चार प्रकार काढून दाखवले. सूतभरने चारही हलवून बघितले, नाक मुरडलं आणि परत दिले. चारही ढिले होते. किती, हे सांगायला नकोच.

मग त्याने ते स्वतः बनवायला घेतलं. वर्कशॉपचा हल्लीचा मालक एके काळी त्याच्या हाताखाली शिकलेला. आता टक्कल पडलं तरी सूतभर आत आला की अजून उभा राहायचा. त्याने एक जुनं मशीन मोकळं करून दिलं. आठ दिवस सूतभर डबा घेऊन कामाला जावं तसा जात राहिला. ॲल्युमिनियमची पट्टी, ॲल्युमिनियमची पकड, खाली रुंद आणि वर अरुंद अशी खाच, आणि स्टीलचा खटका. खाच त्याने इतकी गुळगुळीत घासली की पट्टी लोण्यासारखी आत जायची. खटका जराही आवाज न करता बसायचा. हे तर त्याला विशेषच वाटलं. लेथवाल्यांच्या जगात आवाज करणारा भाग म्हणजे बिघडलेला भाग.

संध्याकाळी गॅलरीत चाचणी झाली. ती बुटक्या स्टुलावर बसली, मोनोपॉड आखूड करून समोर उभा केला. मुलाचं काम नवऱ्याकडे आलं. तो कुरकुरत जमिनीवर बसला, गुडघ्यांनीही त्याला साथ दिली.

"आधी तू मला बघ," ती म्हणाली, खटका उघडला आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला. "मी नीट दिसते का सांग."

एकतीस वर्षांत त्याने त्या खिडकीतून तिला कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. ती हसत होती, पण दात घट्ट आवळलेले होते. आणि मांडीवर डाव्या हाताखाली उजवा हात दाबून धरला होता, अंगणात पळू बघणाऱ्या कोंबडीला धरतात तसा.

"दिसतेस," तो म्हणाला. "छान दिसतेस."

"आता माझी पाळी." तिने कॅमेरा घेतला, पट्टी खाचेत सरकवली, खटका दाबला आणि मोनोपॉड जरासा उचलून पुढे घेतला. कॅमेरा खाचेतून अलगद निसटला आणि फरशीवर आपटला.

लेन्स वाचली. तिच्यावर बसवलेली संरक्षक काच फुटून गॅलरीभर पसरली.

"वाजला नाही," ती म्हणाली.

"काय?"

"खटका! बसला की वाजायला नको का? लेन्स बसली की टक वाजतं, बॅटरी बसली की टक वाजतं. मी वाट बघत होते. मग वाटलं, बसला असेल."

"वाजायचा कशाला? पूर्ण बसला की बोटाला कळतं ना!"

"बोटाला?" तिने उजवा हात त्याच्या तोंडासमोर धरला. तो हात आता लपवण्याच्या पलीकडे गेला होता, पाचही बोटं आपापल्या मर्जीने थरथरत होती. "या बोटांना? बघा. नीट बघा. यांना काय कळणार आहे? आणि तुम्हाला जर ऐकू येत असतं तर तुम्ही असला मुका खटका..."

ती थांबली. दोन वर्षं झाकलेली एक गोष्ट आणि तीस वर्षं झाकलेली दुसरी, दोन्ही एका दमात बाहेर पडल्या होत्या. तिचे डोळे भरून आले. ती खाली वाकून काचा वेचायला लागली.

"थांब, हात कापेल," तो म्हणाला आणि झाडू आणायला आत गेला. परत आला तो झाडू हातात तसाच धरून उभा राहिला. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. "तुझ्या हाताचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझ्या कानांचं तुला माहीत आहे. सगळं माहीत असून मी तुझ्या बोटांच्या भरवशावर, माझ्या कानांना चालेल अशी वस्तू केली. चाळीस वर्षांत असला माल मी वर्कशॉपबाहेर जाऊ दिला नसता."

"म्हणून चहा अर्धा होय?" ती नाक पुसत म्हणाली.

"म्हणून."

"आणि मी पित्ताच्या गोळ्या घेत बसले!"

तिला हसू आलं. मग रडू आलं, मग पुन्हा हसू. त्याने काचा भरल्या.

शाळेच्या फोटोंना पाच दिवस उरले होते. खटक्याला आवाज हवा होता, आणि तो करायचा होता अशा माणसाने ज्याला तो ऐकू येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात आली तर नवरा टेबलाशी बसलेला, पकड दातांत धरलेली आणि बोटाने खटका दाबतोय.

"अहो! भूक लागली असेल तर सांगायचं ना!"

त्याने पकड तोंडातून काढली. "वर्कशॉपमध्ये बेअरिंग असंच बघायचो. पाना दातात धरायचा, दुसरं टोक मशीनला. आतला धक्का हाडात कळतो." त्याने तिला दाखवलं. खटक्याखाली आता एक लहानशी स्प्रिंग होती आणि तिच्या टोकावर सायकलच्या चाकातला पोलादी छर्रा. खटका पूर्ण बसला की छर्रा खड्ड्यात पडायचा, आणि पडताना वाजायचा. अर्धवट बसला तर गप्प. "आता दातांना कळतंय. तुला ऐकू येतंय का ते सांग."

"येतंय."

"इथून येणारच. शाळेत किती गलका असतो! तू लांब जा. ऐकू आलं की हात वर कर."

ती बाहेरच्या खोलीत गेली. त्याने खटका दाबला. दारातून हात वर झाला. ती जिन्यात गेली. हात वर झाला. ती खाली रस्त्यावर गेली, हा गॅलरीत आला. त्याने दाबला, हात नाही. तो आत गेला, स्प्रिंग बदलली, खड्डा जरा खोल केला, पुन्हा गॅलरीत. हात नाही. असं तीनदा. चौथ्यांदा रस्त्याने एक टेम्पो धडधडत चालला होता, आणि तरीही खालून हात वर झाला. वर झालेला तो उजवा हात होता. भर रस्त्यात, चार लोकांदेखत, थरथरत, आणि तिने तो खाली घेतला नाही. समोरचा शिंपी दुकानातून बाहेर आला. "काय हो, कुणाला बोलावताय?" "नवऱ्याला ऐकू येत नाही ना," ती मोठ्याने म्हणाली, "त्यांना सांगतेय." गॅलरीतल्या नवऱ्याला शब्द कळले नाहीत. पण ती काहीतरी खरं बोलून मोकळी झालीय एवढं त्याला वरूनही दिसलं. त्यानेही हात वर केला.

शाळेच्या दिवशी तोही बरोबर गेला, स्टूल उचलायला म्हणून. मैदानाच्या एका टोकाला मोठ्या मुलांचा बँड सरावाला बसला होता, दुसऱ्या टोकाला खेळाच्या सरांची शिट्टी. मधे झाडाखाली त्रेचाळीस नवी मुलं, त्यातली निम्मी हमसाहमशी रडणारी. मुख्याध्यापिका आली, मोनोपॉडकडे पाहिलं, मावशीच्या हाताकडे पाहिलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून गेली. सूतभर पंचवीस पावलांवरच्या बाकावर जाऊन बसला. इथवर खटक्याचा आवाज त्याला येणं शक्यच नव्हतं, तरी जीव तिथेच अडकला होता.

पहिली मुलगी स्टुलासमोर आली. खटका उघडला. "आधी तू मला बघ." मुलीने बघितलं, आणि मावशीच्या कपाळावर टिकली नाही म्हणून तक्रार केली. कॅमेरा परत. पट्टी खाचेत. बायकोने अंगठ्याने खटका दाबला आणि मान किंचित वळवली, ऐकायला. बँडचा ढोल धडाडत होता. सूतभर बाकावर पुढे वाकला. मग तिने, त्याच्याकडे न बघताच, उजवा हात वर केला आणि खाली घेतला.

वाजला होता.

मग एकेक करत सगळी. प्रत्येक मुलामागे हात वर. मुलांना वाटलं हा फोटोचाच भाग आहे. दहाव्या मुलापासून मुलंही फोटो झाला की हात वर करायला लागली. सर शिट्टी फुंकून दमले. त्रेचाळिसावं मूल फोटो झाल्यावर मावशीच्या मांडीवर चढून बसलं आणि उठायला तयार नव्हतं. ते कसंबसं उठलं तेव्हा तिने मोनोपॉडचाच आधार घेऊन स्वतःचं अंग उचललं, आणि इकडे बाकावर बसलेल्या नवऱ्याला वाटलं, चला, काठी दोन्ही कामांची निघाली.

घरी आल्यावर ती फोटो मोठे करून बघायला बसली. तो स्क्रीनकडे बघत नव्हता, तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. एक, दोन, पाच, वीस. प्रत्येक पापणी वेगळी दिसत होती. चाळिसाव्याला तिने पदर डोळ्यांना लावला. त्रेचाळीसही स्वच्छ.

"आहेत?" त्याने विचारलं.

तिने त्याच्यासमोर तोंड केलं, उजेडात. "सगळी आहेत."

तो उठून चहाला लागला. चेहरा दुसरीकडे वळवायला काहीतरी काम हवंच होतं. कप घेऊन आला तर ती अजून स्क्रीनसमोरच होती. तिथे चव्वेचाळिसावा फोटो होता, पुसटसा, हललेला. झाड हललेलं, बाक हललेला, आणि बाकावर पुढे वाकून बसलेला एक म्हातारा, उजवा तळवा कानामागे धरलेला, जीव एकवटून काहीतरी ऐकू बघणारा.

"शेवटी खटका उघडला आणि नुसत्या हातात घेऊन काढला," ती म्हणाली. "काठीशिवाय. हलला. पुसून टाकते."

तो वाकून बघत राहिला. "मी असा कानाला हात लावतो?"

"तीस वर्षं."

"आणि तू इतकी हलतेस?"

"दोन वर्षं."

"मग पुसू नकोस," सूतभर म्हणाला. "इतक्या वर्षांत हा पहिलाच फोटो आहे, ज्यात आपण दोघं आलोय."

त्याने तिचा कप तिच्यासमोर ठेवला, काठोकाठ भरलेला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, थोडा बशीत सांडला, आणि कप खडखडत होता तेवढा वेळ तो तिच्याकडे बघत बसून राहिला.